चार वर्षांची वाईट हवा

लीदा बोगुशनं वयाच्या सदतिसाव्या वर्षी कारखान्याच्या थंड गोदामातून भट्टीखात्यात स्वतःहून बदली मागून घेतली, तेव्हा आमच्या पेरेविझ गावात कुणालाच नवल वाटलं नाही. इतकी वर्षं ही बाई कशाची वाट बघत होती, एवढंच लोकांनी विचारलं.

गोदामातली तिची क्रेन म्हणजे सुखाची नोकरी होती. खाली गार झालेल्या धातूचे ढीग, वर काचेचं छप्पर, आणि क्रेनच्या खोक्यात तिनं जपलेली जिरॅनियमची कुंडी. हिवाळ्यात बोटं गारठायची, तेवढाच काय तो त्रास. पण गोदाम कुठल्याच यादीत नव्हतं. आमच्या गावात माणूस कुठल्या यादीतला आहे हे कळल्याशिवाय त्याच्याशी नीट बोलतासुद्धा येत नाही. पहिल्या यादीत भट्टीवाले. त्यांचं काम जिवाला सगळ्यात घातक, म्हणून पुरुषाला पन्नाशीत आणि बाईला पंचेचाळिशीत पेन्शन. दुसऱ्या यादीतल्यांचं काम जरा कमी घातक, म्हणून त्यांची पेन्शन जरा उशिरा. उरलेले सगळे यादीबाहेरचे, म्हणजे निरोगी, म्हणजे दुर्दैवी. लग्न जुळवताना मुलाचा पगार कुणी विचारत नाही, यादी विचारतात. मुलगा पहिल्या यादीतला आहे असं कळलं की होणारी सासू समाधानानं मान डोलावते. पहिल्या यादीतले बरेचसे पुरुष पन्नाशीच्या उंबरठ्यावरच आटपतात हे तिलाही ठाऊक असतं. पण पेन्शन ही मिळण्याची गोष्ट आहे, उपभोगण्याची नव्हे, असं आमचं एकंदर मत आहे.

लीदाचा नवरा दानिलो असाच गेला. भट्टीवर उभा जन्म काढला आणि पन्नासावा वाढदिवस हाताशी आलेला असताना झोपेत गेला. कारखान्यानं फुलांचं चक्र पाठवलं. त्याच्या निवृत्तीसाठी घेऊन ठेवलेलं मनगटी घड्याळही पाठवलं, कारण हिशेबात ते आधीच त्याच्या नावावर पडलं होतं. लीदानं घड्याळ दिराला दिलं, वर्षाची प्रार्थना होईपर्यंत काळा रुमाल बांधला, आणि रुमाल सोडला त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज केला.

"त्याची गरम वर्षं फुकट गेली," ती म्हणाली. "घरात कुणाची तरी कामाला यायला हवीत."

गरम वर्षं म्हणजे भट्टीखात्यात काढलेली वर्षं. बाईला अशी साडेसात लागतात. ती भरली की पंचेचाळिशीत सुटका. नाही भरली तर जवळजवळ इतर बायकांसारखीच, पंचावन्नच्या आसपास. लीदानं बोटांवर हिशेब केला होता. सदतीस आणि साडेसात, म्हणजे वर थोडे महिने हातात राहत होते. तेवढेच जपून वापरायचे.

सुटून करायचं काय, हेही तिचं ठरलेलं होतं. नदीपलीकडे तिचा जमिनीचा एक तुकडा आहे, त्यावर फळ्यांची खोली. असा तुकडा आमच्यात सगळ्यांचाच असतो आणि तो बहुतेकांच्या आयुष्यात फक्त रविवारी येतो. लीदा रोपं करण्यात वाकबगार. फेब्रुवारी संपता संपता तिच्या खिडक्यांत दुधाच्या कापलेल्या पुड्यांमधून टोमॅटो, मिरची, वांगी उगवायची, आणि आमच्या जिन्यावरच्या सगळ्या घरांना तिचीच रोपं जायची. दोऱ्याएवढ्या देठाचं रोप दोन बोटांत धरून ती दुसऱ्या मातीत अशी ठेवायची की रोपाला जागा बदलल्याचं कळू नये.

"पंचेचाळीस झाली की मी बर्फ वितळल्यावर पलीकडे जाणार आणि पुन्हा बर्फ पडल्यावर येणार," ती सांगायची. "मधे मी फक्त देवाला सापडेन, आणि त्यालाही होडी भाड्यानं घ्यावी लागेल."

असं काही बोलताना ती स्वतः हसत नसे. ऐकणाऱ्याला दोन क्षण लागायचे, मग तो हसायचा, तोवर लीदा पुढे गेलेली असायची.

भट्टीखात्यात मँगनीजचा धातू होतो. भट्टीत घातलेल्या मालातलं जे धातू होतं ते खाली वाहतं, जे होत नाही ते धूर होऊन वर जातं, आणि वर लीदा बसलेली असे. क्रेनचं खोकं छपराच्या पोटाला टांगलेलं. दोन बाजूंना पत्रा, दोन बाजू उघड्या. उन्हाळ्यात लोखंडी दांड्याला उघडा हात लावता येत नसे. धूर तपकिरी, जड, गोडसर वासाचा. पाळी संपवून ती शिडीवरून उतरे तेव्हा डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं सोडली तर सगळी तपकिरी. मुकादम कुझ्मिच खालून विचारायचा की कुठल्या समुद्रावर जाऊन आलात. पहिल्या यादीच्या समुद्रावर, ती सांगायची, तिकडे गर्दी कमी आहे.

कामात ती पक्की होती. वितळलेल्या रसानं भरलेली बादली भट्टीखालून उचलायची आणि गाडीवर ठेवायची, एवढंच काम. पण बादली आदळली तर खालचे लोक संपले. लीदा बादली ठेवायची तेव्हा आवाज येत नसे. कुझ्मिच एकदा जळती सिगारेट गाडीच्या कडेवर ठेवून बाजूला झाला. बादली बसली, सिगारेटवरची राख जागची हलली नाही. ही गोष्ट तो नव्या लोकांना पुढे कितीतरी वर्षं सांगत होता. राखेची लांबी दर वर्षी वाढत गेली.

डोकं मात्र रोज दुखायचं. घरी आली की ती अंधार करून पडायची. घातक कामासाठी म्हणून रोज मिळणारं दूध ती समोरच्या दाराच्या शूराला देऊन टाकायची, कारण पोटात काही ठरत नसे. शूरा त्याचं दही लावायची आणि अर्धं परत आणून द्यायची. दोघींच्या मैत्रीचा पाया असा घातक होता.

साडेसातांतली तीन वर्षं सरली होती तेव्हा कारखान्याचे मालक बदलले आणि सुरक्षा विभागात यारिना नावाची एक पोरगी आली. जिल्ह्याच्या शहरात शिकलेली, हडकुळी, मोठ्या चष्म्याची. तिला नेमलं होतं ते एका अभ्यासासाठी. कामाची जागा सुधारली तर कारखान्याला लाभ काय होतो, तो मोजायचा. आधीच्या साहेबांनी असे अभ्यास खुर्चीत बसून केले होते. यारिना पहिल्याच आठवड्यात शिडी चढून लीदाच्या क्रेनमध्ये गेली, अख्खी पाळी तिथे बसली, आणि उतरल्यावर भिंतीला टेकून ओकली. बायकांनी तिला पाणी दिलं, आणि त्या दिवसापासून तिला वडलांच्या नावासकट पूर्ण नावानं हाक मारू लागल्या. मान म्हणून, आणि थोडी थट्टा म्हणूनही.

तिनं मालकांकडे सातही क्रेनना बंद केबिन मागितल्या. चारी बाजूंनी काच, आत गाळलेली थंड हवा. मालक म्हणाले, आधी एक बसवा, लाभ दाखवा, मग सहांचं बघू. सगळ्यात वाईट धूर लीदाच्या भट्टीवर, म्हणून पहिली केबिन लीदाला.

केबिन बसली त्या दिवशी लीदा खाली उतरली ती गप्प. बायकांना वाटलं, काही बिघडलं. तसं काही नव्हतं. ती घरी गेली, बटाटे सोलले, बीटचं बोर्श्ट शिजवलं, शूराला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावरही खुर्चीतच बसून राहिली. डोकं दुखत नव्हतं.

"दुपारनंतर संध्याकाळ असते," ती शूराला म्हणाली. "मी विसरलेच होते बघ."

त्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या क्रेनवाल्या एकेक करून लीदाच्या केबिनमध्ये गार व्हायला जात. तिसऱ्या क्रेनवरची इन्ना तर पाव, लसूण आणि मिठातल्या चरबीचा तुकडा घेऊन तिथेच ठाण मांडायची. लीदा तिला म्हणायची की आता चादर-उशीही घेऊन ये, भाडं मी कुझ्मिचकडून घेते. थोडक्यात, ते दिवस चांगले होते. चांगले दिवस आमच्याकडे फार टिकत नाहीत, कारण कुणीतरी त्यांचा हिशेब मांडतं.

शरदात यारिनानं खात्याच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. त्या खोलीला सोव्हिएत काळापासून अजून लाल कोपरा म्हणतात, लाल काही उरलेलं नसलं तरी. तिनं तक्ता लावला होता. ती मनापासून बोलत होती; आपण चांगली बातमी आणली आहे अशी तिची खात्री होती. केबिनमुळे होणारे लाभ तिनं एकेक करून वाचले. आजारपणाच्या रजा कमी होतील. चुका कमी होतील. मग मोठे लाभ आले. हवा चांगली झाल्यावर घातक कामाची जादा रजा द्यावी लागणार नाही. दूध द्यावं लागणार नाही. आणि पहिल्या यादीतल्या लोकांच्या लवकरच्या पेन्शनपोटी कारखान्याला सरकारकडे जो भरणा करावा लागतो, तो थांबेल. हा लाभ इतर सगळ्या लाभांच्या बेरजेपेक्षाही मोठा होता, आणि त्याच्या जोरावर सहाही केबिन नक्की मंजूर होतील असं ती म्हणाली.

मग इन्नानं विचारलं, म्हणजे हवा सुधारली की आम्ही यादीतून बाहेर?

यारिना म्हणाली की हो, मोजणी होईल, आणि हवा मापात बसली तर बाहेर. जे काम घातक राहिलं नाही त्याला घातक कसं म्हणायचं? यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"यारिना बोरिसिव्ना," कुझ्मिच मागून म्हणाला, "लाभ आहे यावर आमचा विश्वास बसला. फक्त तो आमच्या खिशातून निघताना दिसला, म्हणून आम्ही जरा बिचकलो."

पोरगी लाल झाली. पुढे कळलं ते असं: माणसांच्या तब्येतीचा एक रकाना तिनं तक्त्यात केला होता. मालकांनी तो काढायला लावला. मोजता येत नाही ते लाभात धरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग जे मोजता आलं तेवढंच उरलं, आणि मोजता आलं ते सगळं बायकांचं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत त्या दिवशी बराच वेळ दिवा चालू राहिला. युनियनच्या अध्यक्षाकडे जावं असं एकीनं सुचवलं. अध्यक्ष रजेवर होता; अशा वेळी तो नेहमीच घातक कामाची जादा रजा घेतो. भांडावं तर कशासाठी? हवा वाईट ठेवा म्हणून मोर्चा काढता येत नाही. लीदा बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. सगळ्यांत जास्त तिचंच जाणार होतं. केबिन तिच्याकडे, म्हणजे पहिली मोजणीही तिचीच. आणि तिच्या गरम वर्षांतली चार अजून बाकी होती.

"हवा माझी आहे," ती अखेर म्हणाली. "मोजायच्या दिवशी कशी असावी ते मी ठरवीन."

जगात इतरत्र तपासणी यायची झाली की लोक झाडतात. आमच्याकडे झाडणं थांबवतात. मोजणीवाले यायच्या आधीच्या आठवड्यात भट्टीखात्यात कुणी केरसुणी हातात घेतली नाही. धूर ओढणारा मोठा पंखा दुरुस्तीला म्हणून उघडून ठेवला. भट्टीत घालायचा माल कुझ्मिचनं मुद्दाम ओला आणि भुकटीचा निवडला, त्यानं धूर दाट उठतो. या कामात कुणालाही आदेश द्यावा लागला नाही. खात्यानं इतक्या एकदिलानं केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

लीदानं केबिनमधलं थंड हवेचं यंत्र बंद केलं, दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून फटीत दानिलोचा जुना, फेल्टचा लोकरी बूट खुपसला.

मोजणारा माणूस बाहेरून आला होता. तोंडाला मुखवटा, खांद्याला पंप. त्यानं नळीचं टोक लीदाच्या तोंडाजवळ बांधलं, कारण नियमानं हवा तिथलीच मोजायची, जिथून माणूस ती घेतो, आणि स्वतः पाळीच्या मधल्या वेळात खाली जाऊन उभा राहिला. खाली हवा बरी होती. लीदा पूर्ण पाळी तिथे बसून होती. नळीनं घेतली तेवढी नळीनं घेतली, बाकीची तिनं. पंपातला पांढरा कागद तपकिरी होऊन निघाला तेव्हा तो माणूस म्हणाला की अशी जागा त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. बायकांनी त्याला जाताना लोणच्याच्या टोमॅटोची बरणी दिली.

निकाल आले आणि यारिना पुन्हा शिडी चढून वर गेली. केबिनचं दार आता बंद होतं, आत गार होतं. पुढचं बोलणं आम्हाला कळलं ते लीदानं शूराला सांगितलं म्हणून, आणि शूरानं सगळ्यांना सांगितलं म्हणून.

"लीदिया झाखारिव्ना, मोजणीच्या दिवशी दार उघडं होतं?"

"उकडत होतं."

"थंड हवेचं यंत्र असताना?"

"त्याचा आवाज होतो. माझं लक्ष लागत नाही."

यारिना खालच्या पायरीवर बसली. ती म्हणाली की पुन्हा मोजणी मागवता येईल. कुणाला काही कळवायची गरज नाही, फक्त दार बंद ठेवायचं. तिला ठाऊक होतं की हे आकडे असेच वर गेले तर केबिन निरुपयोगी ठरेल. लाभ शून्य. बाकीच्या सहा कधीच येणार नाहीत.

"पोरी, त्या सहाजणींना विचारून ये," लीदा म्हणाली.

"मी तुम्हाला विचारतेय. तुम्हाला इथे बरं वाटत नाही?"

"फार बरं वाटतं. म्हणून तर भीती वाटते." मग लीदा म्हणाली, "हे बघ, मला चार वर्षांची वाईट हवा लागते आहे. तेवढी मिळू दे. मग सुधारा काय सुधारायचं ते, मी स्वतः येऊन काचा पुसून देईन."

"ती हवा तुम्हीच आत घेणार आहात."

"पेन्शन माझी, मग हवा दुसऱ्या कुणी घ्यायची?"

यारिना खरोखरच सहाजणींकडे गेली. एकीनंही वेगळं उत्तर दिलं नाही. इन्नानं तर तिला बसवून सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया दिल्या आणि, तुझी नोकरी यादीबाहेरची आहे ना बाळा, म्हणून तुला कळत नाही, अशी समजूत घातली. यारिनानं सही केली. तिच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला की बंद केबिनमुळे भट्टीखात्यातल्या हवेत मोजण्याजोगा फरक पडत नाही आणि कामाची जागा सुधारण्यापासून कारखान्याला लाभ नाही. मालकांना हा निष्कर्ष पटला. त्यांना तो आधीपासूनच पटलेला होता, आता सहीसकट मिळाला. काही महिन्यांनी यारिना शहरात एका विमा कंपनीत गेली. तिथे म्हणे माणसांच्या तब्येतीलाही रकाना असतो.

लीदाच्या केबिनमधलं थंड हवेचं यंत्र उतरवून कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसवलं, कारण हवा मोजायची उपकरणं तिथे ठेवलेली असतात आणि उपकरणांना उष्णता सोसत नाही. यंत्राविना बंद काचेत बसणं म्हणजे भाजून घेणं, म्हणून लीदानं दोन काचा स्वतःच काढून टाकल्या. उरलेल्या तडकल्या. भट्टीखातं पहिल्या यादीत राहिलं. त्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत घरची दारू निघाली, आणि लीदाच्या नावानं पेला उचलला गेला. ती म्हणाली, हळू, शेवटी वाईट हवाच आहे, लगेच डोक्यात जाते.

पुढच्या चार वर्षांत सांगण्यासारखं विशेष काही नाही, हेच त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं. डोकेदुखी परतली. रात्री झोप जाऊ लागली आणि दिवसा यायला लागली. शेवटच्या वर्षात कुझ्मिचला बादली ठेवल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आधी हलका, मग ठणकन. त्यानं ब्रेक तपासायला लावले, ब्रेक ठीक होते. लीदा म्हणाली ब्रेकच ढिला आहे, तेव्हा त्यानं पुन्हा तपासायला लावले आणि पुढे तो विषय काढला नाही. तिची अवघड उचल इन्ना आपल्या क्रेननं करून द्यायची. एकमेकींना सांभाळून घ्यायची रीत खात्यात आहेच. काही महिन्यांचा तर प्रश्न होता.

आणि लीदाला मिळाली. बरोबर पंचेचाळिशीत, पहिल्या यादीतून, पूर्ण पेन्शन. कुझ्मिचनं भाषण केलं की भट्टीखात्यानं आज एक माणूस जिवंत बाहेर काढलं. टाळ्या पडल्या. लीदाला घड्याळ मिळालं. ते तिनं कानाला लावलं आणि म्हणाली, हे चालतंय, म्हणजे ह्या खेपेला तुम्ही वेळेवर आलात. लोक खूप हसले. ती काहीच प्यायली नाही, तिच्या पेल्यातलं बरंचसं टेबलावर सांडलं आहे, हे शूराशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

बर्फ वितळल्यावर लीदा नदीपलीकडे गेली. बी तिनं फेब्रुवारीतच पेरलं होतं, रोपं उगवलीही होती. पण एका मातीतून दुसऱ्या मातीत न्यायची वेळ आली तेव्हा देठ बोटांत चिरडायला लागले. पहिल्या दिवशी तिनं बियाण्याला दोष दिला, दुसऱ्या दिवशी मातीला. त्या वर्षी आमच्या जिन्यानं बाजारातून रोपं आणली आणि कुणी काही विचारलं नाही.

गाव मात्र बोलायला लागलं. पेन्शन मिळाल्यापासून लीदाला गर्व चढला, असं अंगणातल्या बाकावरच्या बायका म्हणायच्या. समोरून येते, पण हसत नाही. आपण कुशल विचारावं तर तोंडावरची रेष हलत नाही, खोल आवाजात एक शब्द टाकते आणि जाते. पंचेचाळिशीत पेन्शन, मग कशाला ओळख दाखवेल? पुढे तिची चालही बदलली. टाचा न टेकवता, चवड्यांवर, कोंबड्यासारखी चालायला लागली. आणि उतारावर तोल गेला तर मागे मागे जायची. तेव्हा बाकावर मत बदललं. गर्व नव्हे, पिते. एकटी बाई, हातात वेळ, पिणारच.

शूरानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी लीदाला हात पुढे करायला सांगितले, नाव लिहायला सांगितलं, चालायला सांगितलं, आणि मग विचारलं की मँगनीजच्या भट्टीवर किती वर्षं. धुरातला धातू मेंदूत बसतो, हातपाय थरथरतात, चेहरा गोठतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. हे परत बरं होत नाही म्हणाले. शूरानं विचारलं की आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, नुसतं येऊन काय होणार. धुरातून बाहेर पडायला हवं होतं, तीन-चार वर्षं आधी. तेव्हा बाहेर पडलेले पुष्कळ जण ठीक राहतात.

लीदा त्यावर तिथे काय म्हणाली, ते शूरा सांगत नाही.

मोजणी दर पाच वर्षांनी करावी असा नियम आहे. पुढची आली तोवर मालक पुन्हा बदलले होते आणि नव्यांनी पुन्हा एक केबिन नमुन्यादाखल बसवली होती. या खेपेला इन्नाच्या क्रेनवर. पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळं गाव वाट बघत होतं. एका रविवारी इन्ना आणखी दोघी क्रेनवाल्यांना घेऊन लीदाच्या स्वयंपाकघरात आली. त्यांनी मधाचा केक आणला होता. शूरानं चहा केला, लीदाचा अर्धाच भरला. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर इन्नानं विषय काढला. दार आदल्या रात्रीपासून उघडं ठेवायचं की सकाळी? काचा काढाव्यात का? मागच्या वेळी काय खुपसलं होतं म्हणजे दार मिटलं नाही?

लीदा म्हणाली, "दार बंद ठेवा."

इन्नानं कप खाली ठेवला.

"दार बंद ठेव, इन्ना. थंड हवेत बस. यादी जाऊ दे. पंचावन्नला घरी जा."

तिघींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दोन क्षण गेले, आणि मग इन्नाला हसू फुटलं, तिच्या मागोमाग दुसरीला, तिसरीला. इन्नानं डोळे पुसले.

"लीदामावशी, तू म्हणजे ना," ती म्हणाली. "पंचावन्नला म्हणे!"

लीदानं तेच पुन्हा सांगितलं. शब्द सावकाश येत होते, एकाच पट्टीत. दोन्ही हात तिनं मांडीवर एकात एक दाबून धरले होते, तरी टेबलावरचा चमचा बशीत वाजत होता. या वेळी कुणी हसलं नाही. इन्ना केकचा तुकडा बोटानं कुस्करत राहिली. मग म्हणाली,

"मावशी, राग मानू नकोस. तुला मिळालीय. मिळालेल्या माणसाला असं बोलायला काय जातं? माझी अजून तीन बाकी आहेत."

हेच तर लीदानं एकदा शिडीवर बसलेल्या पोरीला सांगितलं होतं. फक्त तेव्हा ती वर्षं चार होती. इन्ना वाईट नाही. जाताना तिनं लीदाचा चहा तिच्या ओठांना लावला, हनुवटी पुसली, आणि राहिलेला केक झाकून ठेवला.

मोजणीच्या दिवशी शूरा नेहमीप्रमाणे सकाळी लीदाकडे आली. तिला अंघोळ घातली, लापशी भरवली. मे महिना होता, खिडकी उघडी होती. भट्टीखात्याच्या छपरावरून धूर उठला आणि घरांच्या दिशेनं पसरत आला. कितीतरी दिवसांत नव्हता इतका दाट, तपकिरी. अंगणात वाळत घातलेल्या चादरी बायका पळत येऊन काढायला लागल्या. शूरा खोकत खिडकीशी गेली.

"आज काय झालंय यांना?" तिनं विचारलं.

"मोजतायत," लीदा म्हणाली.